मशीनची उंची

महारुद्र मिस्तरींनी डावा हात खाली टेकवला आणि जिथं लोखंड लागायला हवं होतं तिथं नुसती हवा लागली. तोल पुढं गेला. मग तळवा धाडकन मशीनच्या पाट्यावर आपटला आणि कोपरापर्यंत कळ गेली.

ते तसेच वाकून उभे राहिले. शटर अर्धं वर होतं, त्याखालून झरी गावाची कोवळी सकाळ आत येत होती. रस्त्यावरून कुणीतरी बैल हाकत गेलं. मिस्तरींना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी हात उचलला, डोळे मिटले आणि नेहमीच्या सवयीनं परत खाली आणला. परत तेच. आधी हवा, मग लोखंड.

पाटा खाली गेला होता. चांगला चार बोटं खाली.

आता हे मशीन म्हणजे मिस्तरींचं दुसरं अंग. एकच मोटर, एकच दांडा, पण कामं चार. वरच्या पाट्यावर फळीला रंधा मारा, खालच्या पोटातून तीच फळी एकसारख्या जाडीची काढा, बाजूच्या गोल करवतीवर चिरा, दांड्याच्या टोकाला बरमा लावून चौकटीची भोकं पाडा. टेम्पोतून ते उतरलं त्या दिवशी अर्धं गाव बघायला आलं होतं. पण अशी मशीनं चारचौघांच्या बेतानं केलेली असतात, आणि मिस्तरी चारचौघांपेक्षा चांगलेच उंच. आठवडाभरातच कंबर धरली. तेव्हा त्यांनी बाभळीचे दोन जाड ओंडके तासून मशीनखाली घातले, पाणसळ ठेवून तिच्यातला थेंब बरोबर मधोमध आणला, आणि समोरच्या अंगाला पटाशीनं ‘श्री’ कोरला. पुढं फळीच्या आधाराला सागवानी पट्टी बसवली, पात्यांवर हलतं झाकण केलं, भुशासाठी पाइप काढून मागच्या पोत्यात सोडला. हाताखाली आलेले गडी कुरकुर करायचे. “मिस्तरी, हे मशीन हाय का माळवद? शिडी लावून चढावं लागायलंय!” मिस्तरी हसायचे. मशीन त्यांच्या अंगाला शिवलेल्या सदऱ्यासारखं झालं होतं.

आणि आज तो सदरा बसत नव्हता.

त्यांनी ओंडक्यांकडं पाहिलं. तेच ओंडके, तेलानं काळे झालेले. तोच ‘श्री’. बोल्ट जागच्या जागी. काही हललेलं नाही. म्हणजे हललंय ते आपल्यातच, असं त्यांच्या मनानं सांगितलं.

आषाढात ह्याच जागी, फळी अर्धी आत गेलेली असताना, ते कोसळले होते. उजवी बाजू गेली. परभणीच्या दवाखान्यात राहिले, मग तिथंच मुलीकडं, विजयमालाकडं, मालिश आणि व्यायाम. उजवा पाय उचलायला लागला, हाताची मूठ वळायला लागली. पण मधले कितीतरी दिवस त्यांना जिन्याची पायरी होती त्यापेक्षा खोल दिसायची, ताट होतं त्यापेक्षा लांब वाटायचं. डॉक्टर म्हणाले होते, “अंदाज चुकेल काही दिवस. येईल जाग्यावर.” आला होता. विजयमालाच्या घराचा जिना ते शेवटी शेवटी काठीशिवाय उतरायचे. काल संध्याकाळी घरी आले ते एवढ्या एका गोष्टीसाठी: आपल्या मशीनसमोर उभं राहायचं. बाकी देवाकडं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

“अवं, इतक्या सकाळच्यापारी इकडं कशाला आलाव?” बायनाबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. “अंगावर पांघरून न्हाई, काई न्हाई. थंडी सुरू झाली की आता.”

“उगं. बगायलोय.”

“काय बगायलाव?”

मिस्तरींनी घसा खाकरला. “हितली फरशी खचली का गं काई?”

कप बशीत वाजला. बायनाबाईंचा चेहरा एकदम उतरला. “फरशी? फरशी कामून खचंल? चांगली हाय की.”

“उगं इचारलं.”

“चहा घ्या. निवायलाय.”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांनीही नजर काढून घेतली. मिस्तरींना वाटलं, हिला कळलं. नवऱ्याचं डोकं अजून ठिकाणावर नाही, हे हिच्या लक्षात आलं. त्यांनी चहा उभ्या उभ्या घशाखाली लोटला. भिंतीवरच्या खिळ्याला त्यांचा लाकडी गज लटकत होता. उतरवायचा, पाट्याला लावायचा, की लगेच निकाल. पण हात तिकडं जाईना. जन्मभर लोकांच्या दारं-खिडक्यांची मापं घेणारा हा माणूस त्या सकाळी गजाला भ्यायला. मापानं सांगितलं की मशीन आहे तेवढंच आहे, तर मग?

अंगणात राजेश्री झाडत होती. ही त्यांची सून, भारतची बायको. पेडगावच्या पांचाळांची पोर, अंगानं बारीक, उंचीला बेताची, बोलायलाही बेताची. सासऱ्याला बघून तिनं पदर सारखा केला.

“मामा, काठी ऱ्हायली तुमची दुकानात.”

“ऱ्हाऊ दे.”

“आनून देऊ?”

“ऱ्हाऊ दे म्हनलं ना!”

तिनं परत झाडू हाणायला घेतला. मिस्तरींना लगेच वाईट वाटलं. पोरीचा काय दोष?

तेवढ्यात रस्त्यावरून हाळी आली. “ए मिस्तरी! जिता हायेस का?” व्यंकटराव, मिस्तरींचे लंगोटीयार, डोक्याला उपरणं गुंडाळून फाटकात उभे होते. “चल, काल्याचं कीर्तन हाय आज. सप्ता सारा परभनीत घालीवलास, काला तरी पदरात पाडून घे.”

“येतो की. थांब जरासक.”

“आन हे बग,” व्यंकटराव आत येत म्हणाले, “माज्या नव्या घराचे दरवाजे बगितलेस का? न्हाई बगितलेस. कसं बगशील? भारतनं असे काडलेत लेका, तुज्याहून साफ! दार ढकललं की वाऱ्यागत जातंय. वास्तुशांतीला पाव्हने इचारायलते, मिस्तरी कोन, मिस्तरी कोन. म्हनलं, आमच्या रुद्राचं पोरगं. शनवार-ऐतवार चाकनहून येतंय अन् बापाचं दुकान चालीवतंय.”

मिस्तरींची छाती जरा वर आली. दवाखान्यात असताना हेच त्यांनी कितीदा ऐकलं होतं आणि कितीदा पांडुरंगाला हात जोडले होते. पोरगं कंपनीत गेलं तेव्हा रंध्याचा पोरका झालेला आवाज त्यांनी मनात ऐकला होता. आता निदान तेवढं तरी राहिलं.

अंगणात झाडू थांबला होता. राजेश्री पाठमोरी उभी होती, तशीच. मग परत झाडायला लागली.

मारुतीच्या देवळासमोर मांडव घातला होता. बायका एका अंगाला, माणसं एका अंगाला, पोरं सगळीकडं. सभामंडपाच्या कमानीला मोठी घंटा होती आणि तिचा लोळा साखळीनं खाली लोंबत होता. सगळ्या गावाला ती घंटा हात उंचावून वाजवावी लागे. एकट्या महारुद्र मिस्तरींना कमानीखालून जाताना मान तिरकी करावी लागे, नाहीतर लोळा कपाळावर बसे. मिसरूड फुटलं तेव्हापासूनची ही मान तिरकी करायची सवय.

त्या दिवशी त्यांचं मन दुसरीकडंच होतं. जमीन खाली गेली की आपण वर आलो, की दोन्ही नुसतंच भासतंय, ह्या विचारात ते कमानीखाली शिरले. मान तिरकी करायची राहिली.

ठण्‌!

घंटेचा नाद अख्ख्या मांडवावरून गेला. मिस्तरी कपाळ धरून जागीच उभे. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

“लागलं का रं?” व्यंकटरावांनी दंड धरला. “आरं, इतक्या वर्सांत पैल्यांदा घंटा डोक्यानं वाजीवलीस!”

मिस्तरी वर बघत होते. लोळा हलत होता, त्यांच्या कपाळाच्या बरोबर रेषेत. जिथं असायचा तिथंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसायला लागले, मोठ्यानं, देवळात इतकं हसू नये इतकं.

“यंकट्या, लागलं! लय जोरात लागलं! बरूबर कपाळावर लागलं!”

“डोक्यात गेलं वाटतं,” व्यंकटराव शेजाऱ्याला म्हणाले.

कीर्तनाला सोनपेठचे रामकिशन महाराज उभे होते. काय गोड गळा द्यावा देवानं एखाद्याला! पखवाजावर थाप पडली, टाळकऱ्यांनी पाय उचलला, आणि मिस्तरी खांबाला टेकून ऐकायला बसले ते हरखूनच. महाराज गोपाळांच्या शिदोरीपाशी आले. सगळ्यांनी आपापल्या भाकरी, चटण्या, दही एकत्र केलं आणि देवानं ते कालवलं.

“आता बगा माउली,” महाराज उपरणं सावरत म्हणाले, “त्यात एक गोपाळ होता आपल्याच गावचा. काला पुढ्यात आला अन् हा बसला आपली कैरीची फोड हुडकत. म्हने, माज्या आईनं दिलती, ती कुठं गेली? ह्याच्या घासात बगतोय, त्याच्या पानात बगतोय. हुडकू हुडकू बेजार! तवर काला संपला. अन् फोड कुठं होती? देवाच्या दाढेखाली!”

मांडव हसला. मिस्तरीही पोटभर हसले. पण हसता हसता त्यांचं मन घरी पोचलं होतं. लोळा जागेवर आहे. मी जागेवर आहे. मग मशीनला काय झालं?

द्रोणातला काला त्यांनी घाईघाईनं तोंडात टाकला आणि व्यंकटरावांची वाटही न बघता घर गाठलं.

शटर वर केलं. गज घेतला नाही. ते सरळ फरशीवर आडवे झाले, उजवा गाल जमिनीला लावला आणि ओंडक्याच्या बुडाशी नजर नेली. वरून काळं कुळकुळीत असलेलं बाभळीचं लाकूड बुडाच्या कडेला पिवळंधमक होतं. करवतीचे ताजे दात दिसत होते. दोन्ही ओंडके लांबीभर, खालून, चार बोटं कापून काढलेले.

माणसाला धक्का बसतो म्हणजे काय होतं? आधी काहीच होत नाही. मिस्तरी तसेच पडून राहिले. मग त्यांनी अशी हाक मारली की शेजारच्या घरातून कुत्रं भुंकलं.

“बायने!”

दोघी धावत आल्या. मिस्तरींना जमिनीवर पडलेलं बघून बायनाबाईंनी किंकाळी फोडली. “अगं माय! राजे, धर त्येन्ला! परत झटका आला गं!”

“झटका न्हाई!” मिस्तरी उठून बसले. “माजं मशीन कुनी कापलं?”

बायनाबाईंनी राजेश्रीकडं पाहिलं.

“मी सकाळपासून मरायलोय हितं. मला वाटलं, मीच खपलो. मला वाटलं, माजं डोकं गेलं! अन् तुमाला ठाव होतं. फरशी खचली का इचारलं तर म्हन्ती, चांगली हाय! भारतनं कापलं का? त्येला फोन लाव. लाव आत्ता!”

“भारतनं न्हाई,” राजेश्री म्हणाली. “मी कापलंय, मामा.”

मिस्तरींनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू ही बाई त्यांनी आधी कधी बघितलीच नव्हती.

“तू?”

“आत्यानं करवतीची दुसरी बाजू धरली. मी कापलं.”

“कामून?”

राजेश्रीचा आवाज बारीक होता, पण थांबला नाही. “फळी ढकलताना माजा हात खांद्याच्या वर जायचा. वरून दाब बसंना. फळी उडायली. आदी पाटावर उभी ऱ्हायले, तर पाट सरकायला. एकदा फळी उडून आत्याच्या मांडीला लागली.”

“निळं झालतं हितं,” बायनाबाईंनी मांडीवर हात ठेवला. “पंदरा दिस नीट बसता आलं न्हाई.”

“थांब,” मिस्तरी म्हणाले. “थांब पोरी. तू फळी कशाला ढकलत होतीस?”

दोघींनी मशीनकडं पाहिलं. आणि त्या पाहण्यातच मिस्तरींना दिसायला लागलं. व्यंकटरावांचे दरवाजे. वाऱ्यासारखे जाणारे.

“भारत यायचा की शनवारी.”

“दोनदा आले,” राजेश्री म्हणाली. “मुक्काम केला अन् गेले. त्येंची सुट्टी संपली होती तुमच्या दवाखान्यात. अन् त्येन्ला मशीनची भीती बसली, मामा. दवाखान्यात तुमाला तसं पडल्यालं बगितलं ना त्येनी.”

“व्यंकटरावची वास्तुशांती तोंडावर आलती,” बायनाबाई बोलायला लागल्या आणि मग थांबेनात. “तुमी शब्द दिलता त्येन्ला. सागवान येऊन पडलं होतं हितं. लोक बोलायले होते, मिस्तरीचं दुकान बसलं म्हून. तवा ही म्हनली, आत्या, मी बगते. हिच्या बापाच्या दुकानात हेच मशीन हाय, ल्हानपनापासून त्येच्या हाताखाली होती ही. पन गावात कसं सांगायचं? सुतारकीच्या मशीनवर बाईमानूस! मंग शटर लावून घ्यायचो. आवाज ऐकला की लोक म्हनायचे, भारत आलाय. आमी म्हनायचो, व्हय, आलाय.”

“मला बी तेच सांगलं.”

“तुमाला तर पैलं सांगलं. दवाखान्यात तुमी किती खूश झालतात ते बगून...” बायनाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “मंग खरं सांगायची हिंमत झाली न्हाई.”

मिस्तरी उठले. भिंतीला धरून उठले. त्यांनी ओंडक्यावरच्या ‘श्री’कडं बोट केलं.

“त्येच्यासाठीच खालून कापलं,” राजेश्री म्हणाली. “वरून कापलं असतं तर सोपं होतं. पन वर तुमचं श्री होतं.” मग हळूच, “मामा, तुकडे ठिवलेत मी. तुमी आल्यावर परत लावायचे म्हून. कालच लावनार होतो आमी, पन तुमी सांगितल्याच्या एक दिस आदी आलात.”

ती आत गेली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेले दोन लांब तुकडे घेऊन आली. प्रत्येकाला खुंट्या बसवलेल्या, ओंडक्यांना त्या बरोबरची भोकं पाडलेली, आणि कोणता तुकडा कुठल्या ओंडक्याचा, कोणतं टोक पुढचं, ह्याच्या पेन्सिलीनं केलेल्या खुणा. सुतार करतो तशा.

मिस्तरींनी एक तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. काम निर्मळ होतं. त्यांचा राग कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

“लावा,” ते म्हणाले. “आत्ताच लावा.”

दुकानातला जुना जॅक निघाला. पहारीचा टेका दिला. एक अंग उचललं, तुकडा सारला, खुंट्या ठोकल्या, मग दुसरं. मिस्तरींनी पाणसळ ठेवली आणि थेंब मधोमध येऊन थांबला. ते समोर उभे राहिले, डोळे मिटून डावा हात खाली आणला, आणि पाटा जिथं लागायचा तिथं लागला. त्यांच्या तोंडून आपसूक “हरी हरी” आलं.

“आन फळी.”

“मामा, आज नगं. आताच तर आलाव.”

“आन म्हनतोय ना!”

राजेश्रीनं सागवानाची उरलेली एक फळी दिली. बरोबर एक लाकडी ठोकळाही पुढं केला. जुन्या मोडक्या रंध्याची मूठ त्यावर बसवलेली. “मागून ढकलायला हे घ्या, मामा. हात पात्याकडं जात न्हाई.”

मिस्तरी खदखदून हसले. सकाळपासूनचं सगळं त्या हसण्यात निघून गेलं. “तू मला शिकवायलीस व्हय गं? तू जल्माला यायच्या आदीपासून रंधा मारतोय मी. हो बाजूला.”

बटण दाबलं. पट्टा फिरला, मोटरनं आवाज धरला, आणि तो आवाज वर चढत एका जागी स्थिरावला. मिस्तरींच्या अंगावर काटा आला. बायनाबाई नेहमीसारख्या पलीकडं जाऊन फळी झेलायला उभ्या राहिल्या. पहिला हात गेला. लाकूड गुळगुळीत निघालं. मिस्तरींनी मान हलवली. बघा!

दुसऱ्या हाताला त्यांनी डाव्या तळव्यानं पुढून दाब दिला, उजव्यानं मागून ढकललं. नजर पुढं, कडेवर. फळी जात होती, झाकण सरकत होतं, भुसा पाइपात उडत होता. सगळं होतं तसं होतं. आणि अचानक आवाज तुटला. मोटर कण्हत कण्हत उतरायला लागली. राजेश्रीनं लाल बटणावर तळवा मारला होता आणि तो तिथून काढत नव्हती.

“बंद कामून केलंस?” मिस्तरी ओरडले. “टोक ऱ्हायलंय अजून! खाच पडंल की!”

राजेश्रीनं नुसतं बोट केलं. त्यांच्या उजव्या हाताकडं.

हात फळीच्या मागच्या टोकावर होता. बोटं टोकावरून खाली लोंबत होती. मधल्या बोटाचं वाढलेलं नख टोकाला नव्हतं. कात्रीनं कापल्यासारखं नाही. सरळ, सपाट, एका रेषेत, रंधा मारल्यासारखं. नखाखालच्या कातड्याचा पापुद्रा पांढरा दिसत होता. रक्त नव्हतं. अजून एक केसभर हात पुढं गेला असता तर...

मिस्तरींनी ते पाहिलं आणि त्या बोटात दुखणं शोधलं. सापडलं नाही. त्यांनी डाव्या अंगठ्यानं ते टोक दाबलं. मग चिमटा घेतला, जोरात. डाव्या हाताला कळत होतं की आपण चिमटा घेतोय. उजव्याला काही खबर नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, “टोचतंय का?” मिस्तरी म्हणायचे, “टोचतंय.” कधी बरोबर यायचं, कधी नाही. त्यांना घरी यायचं होतं. आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं की टोचतंय.

बायनाबाई मटकन भुशात खाली बसल्या. दोन्ही हात जोडून त्या कुणाशी तरी पुटपुटत होत्या. राजेश्रीचा हात अजून बटणावर होता. बाहेर मांडवातली भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

मिस्तरी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. एकदा त्यांचे खांदे हलले. मग थांबले. ते वळले तेव्हा चेहरा कोरडा होता.

“जॅक आना.”

“मामा?”

“जॅक आना म्हनलं. ते तुकडे काडायचेत.”

राजेश्री रडायला लागली. “ऱ्हाऊ द्या, मामा. तुमचं मशीन तुमच्याच मापात ऱ्हाऊ द्या. मी पाटावर उभी ऱ्हाईन. न्हाईतर न्हाईच करनार, खरंच न्हाई करनार...”

“पाट सरकला म्हनलीस ना?”

“व्हय.”

“मंग?” मिस्तरींनी पहार उचलली, डाव्या हातानं. “जे उभं ऱ्हाईल त्येच्या मापाचं मशीन पायजे. उगं आत्याच्या मांडीला फळ्या मारत बसनार हायेस का? धर हिकडून.”

आता त्या दोघी खुंट्या सैल करत होत्या आणि ते सांगत होते, “हळू, हळू, टेका सोडू नगा.” मशीन परत खाली आलं. बायनाबाईंनी तुकडे उचलले आणि विचारलं, “हे परत बांदून ठिवू का?”

मिस्तरी तुकड्यांकडं बघत राहिले. चांगली जुनी बाभूळ होती. “बंबात घाल,” ते म्हणाले. “अंगुळीला पानी चांगलं तापंल.”

मग त्यांनी राजेश्रीला ती मशीनपाशी कशी उभी राहते ते दाखवायला सांगितलं. ती डाव्या अंगाला उभी राहते, तर झाकणाची मूठ तिकडं वळवायला हवी. सागवानी पट्टीही उंच वाटत होती. उद्या उतरवू म्हणाले. ती मान हलवत होती, मध्ये मध्ये नाक पुसत होती. एकदा म्हणाली, “मूठ तिकडं नगं, मामा, पदर अडकतोय.” मिस्तरी म्हणाले, “पदर खोच. मूठ कुठं पायजे ते पदर सांगंल का मला?” बायनाबाईंना हसू फुटलं.

राजेश्री शटर खाली ओढायला गेली.

“कामून?”

“काम करायचं तर...”

“वर कर. अजून वर. भुसा नाकात जायलाय.”

तिनं सासूकडं पाहिलं. सासूनं सासऱ्याकडं पाहिलं. शटर वर गेलं, पार वर, आणि दुपारचं ऊन मशीनच्या पायापर्यंत आलं. मोटर सुरू झाली. देवळाकडून घरी निघालेले व्यंकटराव हातात काल्याचा द्रोण घेऊन रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं हॉर्न दिला तरी हलेनात.

“मिस्तरी,” ते आवाजावर आवाज चढवून ओरडले, “भारत कुठाय?”

“चाकनला!”

“मंग हे... मंग माजे दरवाजे...”

“घरी जा अन् लावून बग! अडतेत का ते सांग मला येऊन!”

व्यंकटराव तोंड उघडं ठेवून उभेच राहिले. मिस्तरींनी त्यांच्याकडं पाठ फिरवली आणि मशीनला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेले, जिथं आजवर बायनाबाई उभ्या राहायच्या. ह्या बाजूनं त्यांनी मशीन कधी नीट पाहिलंच नव्हतं. बायनाबाई बाजूला सरकल्या. राजेश्रीनं पदर खोचला, ठोकळा फळीच्या मागं लावला, एकदा त्यांच्याकडं बघितलं.

“येऊ दे,” मिस्तरी म्हणाले.

फळी हळूहळू त्यांच्याकडं आली. त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि ती धरली. ताज्या रंध्यानं ती कोमट झाली होती. डाव्या हाताला ते कळलं.